एका नगराचें दिवाळें

दिवाळें या शब्दाविषयीं एक जुनी समजूत सांगतात. पूर्वीं एखाद्या व्यापाऱ्याचा व्यवहार बुडाला, म्हणजे तो आपल्या पेढीवर भर दिवसां दिवा लावून ठेवीत असे. तो दिवा पाहिला कीं धनकोंनीं समजावें, आतां या घरांतून कांहीं निघावयाचें नाहीं. ही व्युत्पत्ति कितपत खरी, हा वाद भाषापंडितांवर सोंपवूं. परंतु अमेरिकेंतील डेट्रॉईट या नगरानें १८ जुलै २०१३ रोजीं न्यायालयांत आपलें दिवाळें जाहीर केलें, तेव्हां तेथील स्थिति नेमकी उलट होती. त्या नगराच्या रस्त्यांवरील शंभरांतले सुमारें चाळीस दिवे रात्रींसुद्धां लागत नव्हते. डोक्यावर कर्ज होतें सुमारें १,८०० कोटी डॉलर. अमेरिकेच्या इतिहासांत एवढें मोठें दिवाळें कोणत्याहि नगरानें तोंपर्यंत काढलें नव्हतें.

ही हकीकत वर्गांत सांगत असतां एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, दुकानाचें दिवाळें निघालें तर दुकानाला कुलूप लागतें. गांवाचें निघालें तर कुलूप कशाला लावावयाचें?" मीं कायद्याचीं कलमें सांगून वेळ मारून नेली. घरीं आल्यावर मात्र मनाला रुखरुख लागली. मुलाचा प्रश्न कायद्याचा नव्हताच. नगर म्हणजे नक्की काय, तें कोणाच्या मालकीचें, आणि तें बुडालें तर त्यांतलें काय काय वर काढावयाचें, असें तो विचारीत होता. या प्रश्नाचें उत्तर डेट्रॉईटच्याच इतिहासांत सांपडतें कीं काय, हें पाहण्याचा या लेखाचा हेतु आहे.

डेट्रॉईट हें नांव फ्रेंच आहे. पाण्याची अरुंद वाट, सामुद्रधुनी, हा त्याचा अर्थ. सेंट क्लेअर आणि ईरी या दोन सरोवरांना जोडणाऱ्या नदीच्या कांठीं कॅडिलॅक नांवाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानें १७०१ मध्यें एक गढी बांधली. तिच्या आश्रयानें गांव वसलें. ११ जून १८०५ रोजीं लांकडी घरांचें तें गांव जवळजवळ सगळें जळून गेलें. त्या प्रसंगीं गॅब्रिएल रिशार या धर्मोपदेशकानें लॅटिन भाषेंत काढलेले उद्गार पुढें नगराच्या मुद्रेवर आले. त्यांचा भाव असा कीं, याहून बऱ्या दिवसांची आम्हांस आशा आहे. हें गांव राखेंतून पुन्हां उठेल. पुढील दोन शतकांत डेट्रॉईटच्या नगरपित्यांनीं हें वचन इतक्या वेळां उच्चारलें कीं, त्यांतील राख कोणती आणि आशा कोणती हें ओळखणें अवघड व्हावें.

या नगराचा उत्कर्ष मोटारगाडीनें झाला हें सर्वश्रुत आहे. हेन्री फोर्ड यानें १९०३ मध्यें कंपनी काढली आणि १९०८ मध्यें 'मॉडेल टी' ही स्वस्त गाडी बाजारांत आणली. १९१३ मध्यें हायलंड पार्क येथील कारखान्यांत त्यानें सरकत्या पट्ट्याची योजना सुरू केली. कामगार जागेवर उभा राही आणि काम त्याच्यापुढें चालत येई. ज्या गाडीचा सांगाडा जोडण्यास पूर्वीं साडेबारा तास लागत, तो सुमारें दीड तासांत तयार होऊं लागला. परंतु एकच खिळा दिवसभर ठोकीत राहण्याचें तें काम माणसांस इतकें असह्य झालें कीं, सुमारें चौदा हजार कामगारांचा संच टिकविण्यासाठीं कंपनीला वर्षांत पन्नास हजारांहून अधिक माणसें नव्यानें भरती करावीं लागलीं. तेव्हां जानेवारी १९१४ मध्यें फोर्डनें आठ तासांच्या दिवसाला पांच डॉलर मजुरी जाहीर केली. ती उदारता होती असें कोणी म्हणतात, हिशोब होता असें कोणी म्हणतात. दोन्हीहि खरें असावें. परिणाम मात्र निःसंशय होता. १९०० मध्यें ज्या शहरांत तीन लाखांहून कमी लोक राहत होते, तेथें १९३० मध्यें सुमारें पावणेसोळा लाख झाले आणि १९५० च्या शिरगणतींत तो आंकडा १८,४९,५६८ वर गेला. साध्या कामगाराचें स्वतःचें घर असावें, दारांत त्यानेंच बनविलेली गाडी उभी असावी, ही गोष्ट जगांत प्रथम येथें सर्रास दिसूं लागली.

पण वाड्याला वाळवी लागते ती तो पडावयास आल्यावर नव्हे. तो नांदता असतांनाच. डेट्रॉईटच्या उत्कर्षांतच त्याच्या ऱ्हासाचीं तीन बीजें होतीं.

पहिलें बीज म्हणजे एकाच धंद्यावरील भिस्त. दुसरें, माणसामाणसांतील भिंत. आणि येथें भिंत हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाहीं. दक्षिणेंतील राज्यांतून कामासाठीं आलेल्या कृष्णवर्णी कुटुंबांची एक वस्ती नगराच्या उत्तर सीमेवर होती. तिच्याशेजारीं गोऱ्यांसाठीं घरें बांधूं पाहणाऱ्या एका बांधकामदारास सरकारी खातें कर्जाची हमी देईना, कारण शेजार 'धोक्याचा' होता. तेव्हां त्यानें १९४१ मध्यें दोन वस्त्यांच्या मधोमध सहा फूट उंच आणि सुमारें अर्धा मैल लांब अशी भिंत घातली. हमी लगेच मिळाली. ती भिंत अद्यापि उभी आहे. तिच्यामागून दोनच वर्षांनीं, जून १९४३ मध्यें, त्या नगरांत वर्णद्वेषाची दंगल झाली आणि ३४ माणसें मेलीं.

तिसरें बीज फारसें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं, आणि तेंच सर्वांत घातक ठरलें. सरकत्या पट्ट्याला एकमजली, ऐसपैस जागा लागते. ती शहरांत महाग आणि बाहेर स्वस्त. म्हणून युद्ध संपल्यावर नवे कारखाने नगराच्या हद्दीबाहेर उभे राहूं लागले. पॅकार्ड कंपनीचा प्रचंड कारखाना १९५६ मध्यें बंद पडला. इतिहासकार थॉमस सगरू यांनीं दाखवून दिलें आहे कीं, १९४७ ते १९६३ या काळांत, म्हणजे देशांत सुबत्ता असतांनाच, डेट्रॉईटमधील सुमारें १,३४,००० कारखानी नोकऱ्या नाहींशा झाल्या. जुलै १९६७ च्या दंगलींत ४३ माणसें मेलीं, आणि त्या दंगलीनेंच शहर बुडालें असें पुष्कळ लोक आजहि समजतात. परंतु कालक्रम पाहिला तर रोग आधींचा होता; दंगल हा ज्वर होता.

पुढचा प्रकार समजण्यास अमेरिकेंतील नगरव्यवस्थेची एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. तेथें शहर आणि त्याचें उपनगर हीं बहुधा दोन स्वतंत्र संस्थानें असतात. प्रत्येकाचा कर वेगळा, शाळा वेगळी. सीमेपलीकडे एक मैल जाऊन राहिलेला माणूस त्याच शहराच्या हवेंत श्वास घेतो, पण त्याच्या तिजोरींत कांहीं टाकीत नाहीं. दोहोंकडील मुलांच्या शाळा एकत्र कराव्यात असा प्रयत्न झाला, तोहि १९७४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं फेटाळला. गोरीं कुटुंबें बाहेर गेलीं. मागाहून, ज्यांस शक्य झालें तीं कृष्णवर्णी कुटुंबेंहि गेलीं. उरले ते बहुतांशीं ज्यांस जाणें परवडत नव्हतें ते. नगराचें क्षेत्र मात्र पूर्वीं होतें तेवढेंच, सुमारें १३९ चौरस मैल, राहिलें. कुटुंब लहान झालें म्हणून वाड्याचीं कौलें कमी शाकारून भागत नाहीं. अठरा लाखांसाठीं घातलेले नळ, गटारें आणि रस्ते सात लाखांनीं सांभाळावयाचे, आणि अठरा लाखांची सेवा करून निवृत्त झालेल्यांचें वेतनहि त्यांनींच द्यावयाचें, असा तो पेंच होता.

या पेंचांतून सुटण्याचे उपाय झाले नाहींत असें नाहीं. उलट, ते फार झाले, आणि प्रत्येक उपाय भव्य होता. हेन्री फोर्डच्या नातवाच्या पुढाकारानें नदीकांठीं कांचेचे उत्तुंग मनोरे उभारले गेले. १९७७ मध्यें ते उघडले तेव्हां त्यांस 'पुनरुज्जीवन केंद्र' या अर्थाचें नांव देण्यांत आलें. १९८७ मध्यें शहराच्या मध्यभागीं खांबांवरून धांवणारी एक लहानशी आगगाडी सुरू झाली. ती तीन मैलांहूनहि कमी लांबीचें वर्तुळ काढून जेथून निघते तेथेंच परत येते. १९८१ मध्यें जनरल मोटर्सच्या नव्या कारखान्यास जागा हवी म्हणून नगरानें 'पोलटाउन' ही नांदती वस्ती सक्तीनें ताब्यांत घेतली. चार हजारांहून अधिक माणसें घरांतून उठविलीं गेलीं. घरें, दुकानें आणि प्रार्थनामंदिरें भुईसपाट झालीं. सहा हजार नोकऱ्यांचें आश्वासन होतें, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें तें सार्वजनिक हिताचें कार्य ठरविलें. त्याच न्यायालयानें २००४ मध्यें आपला तो निर्णय चुकीचा होता असें सांगितलें. परंतु तोंपर्यंत त्या घरांच्या जागेवर तेवीस वर्षें लोटलीं होतीं.

आपल्याकडे देवळाच्या जीर्णोद्धाराचा अनुभव असा कीं, तो पायापासून करावा लागतो. नुसतें शिखर रंगवून गाभाऱ्याची गळती थांबत नाहीं. डेट्रॉईटचे कारभारी शिखरें बांधीत राहिले. त्यांच्या हेतूंविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. १९७४ पासून वीस वर्षें महापौर असलेले कोलमन यंग, त्या नगराचे पहिले कृष्णवर्णी महापौर, हे स्वतः कामगारांतून आलेले होते. आपल्या लोकांस काम मिळावें हीच त्यांची तळमळ होती. त्यांनीं जुगारगृहें काढण्याची योजना मांडली तेव्हां ग्रेस ली बॉग्ज आणि त्यांचे पति जेम्स यांनीं तिला विरोध केला. ग्रेस या चिनी कुळांतील, तत्त्वज्ञानाच्या पंडिता. जेम्स हे मोटारीच्या कारखान्यांतले कामगार. यंग यांनीं विचारलें, तुमच्यापाशीं दुसरा उपाय काय? प्रश्न रास्त होता. १९९२ मध्यें या दांपत्यानें व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याचें एक उत्तर दिलें. उन्हाळ्याच्या सुटींत तरुणांस एकत्र करून त्यांनीं ओसाड जागांत बागा लावल्या, भिंतींवर चित्रें काढलीं, मोडकीं घरें नीट केलीं. तें उत्तर तेव्हां पुष्कळांस हास्यास्पद वाटलें असेल. जुगारगृहें मात्र १९९९ पासून आलीं, आणि त्यांचा कर नगराच्या उत्पन्नाचा एक मोठा आधार होऊन बसला.

मग कर्जानें कर्ज फेडण्याची पाळी आली. २००५-०६ मध्यें नगरानें निवृत्तिवेतनाच्या निधींत भर घालण्यासाठीं सुमारें १४४ कोटी डॉलर उभे केले, आणि व्याजाचे दर चढतील या भरंवशावर पेढ्यांशीं करार केले. २००८ मध्यें दर कोसळले आणि करार उलटला. जुगारगृहांचा करसुद्धां त्या पेढ्यांकडे गहाण पडला. घरांत धान्य नसतांना दागिना गहाण टाकणें हें समजूं शकतें. पण येथें गहाण पडली ती रोजची मिळकत.

मार्च २०१३ मध्यें मिशिगन राज्याच्या गव्हर्नरांनीं केव्हिन ऑर या वकिलास 'आणीबाणीचा व्यवस्थापक' नेमून नगराचा कारभार त्यांच्या हातीं दिला. ज्या कायद्याखालीं असे व्यवस्थापक पूर्वीं नेमीत, तो कायदा मिशिगनच्या मतदारांनीं चारच महिन्यांपूर्वीं कौल देऊन रद्द केला होता. विधिमंडळानें महिनाभरांत दुसरा केला. लोकशाहीचा पाळणा म्हणविणाऱ्या देशांत हें घडलें याची नोंद इतिहासकारानें केलीच पाहिजे. कागदोपत्रीं ऑर यांनीं जी स्थिति मांडली ती मात्र नाकारतां येण्याजोगी नव्हती. तातडीची हांक दिल्यापासून पोलीस पोंचण्यास सरासरी ५८ मिनिटें लागत होतीं. रुग्णवाहिकांपैकीं जेमतेम एक तृतीयांश चालत्या होत्या.

येथें माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न प्रत्यक्ष न्यायालयापुढें उभा राहिला. कुलूप कशाला लावावयाचें? धनकोंची दृष्टि फिरत फिरत एका इमारतीवर स्थिरावली. ती इमारत नगराच्या चित्रसंग्रहालयाची. १९१९ पासून तो संग्रह नगराच्या मालकीचा होता. त्यांत ब्रूगेलचें लग्नांतील नाचाचें चित्र आहे. व्हॅन गॉगनें काढलेलें स्वतःचें चित्र आहे, जें नगरानें १९२२ मध्येंच विकत घेतलें होतें. मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिव्हेरा यानें १९३२-३३ मध्यें फोर्डचा कारखाना आणि त्यांतील कामगार तेथील भिंतींवर २७ पटांत रंगविले आहेत. नगराच्या पैशानें घेतलेल्या चित्रांची किंमत क्रिस्टीज या लिलाव करणाऱ्या पेढीनें ४५.४ ते ८६.७ कोटी डॉलरपर्यंत केली. दुसऱ्या पारड्यांत होते निवृत्त नोकर. बस हांकणारे, दिवे लावणारे, कचरा उचलणारे, आग विझविणारे. साध्या नोकराचें निवृत्तिवेतन वर्षाला सुमारें वीस हजार डॉलर. तेथील महागाईंत ही रक्कम थोडी. राज्याच्या घटनेनें या वेतनास संरक्षण दिलें होतें. तरीसुद्धां ३ डिसेंबर २०१३ रोजीं न्यायाधीश स्टीव्हन ऱ्होड्स यांनीं निर्णय दिला कीं, दिवाळ्याच्या कायद्यापुढें तोहि एक करारच, आणि करार मोडतां येतो.

चित्रें विकून म्हाताऱ्यांस पोसावें, कीं म्हाताऱ्यांचा घांस काढून चित्रें राखावीं? असा प्रश्न विचारला गेला म्हणजे दोन्हीं बाजूंचे सज्जन एकमेकांचे वैरी होतात. मध्यस्थ म्हणून नेमलेले न्यायाधीश जेराल्ड रोझेन यांनीं यावर जी युक्ति काढली ती या सर्व प्रकरणांतली मोठी गोष्ट. त्यांनीं देशांतील धर्मादाय निधींस विनविलें: चित्रें वांचावीं असें वाटत असेल तर पैसे द्या, पण ते चित्रांकडे न जातां निवृत्तांकडे जातील. निधींनीं ३६.६ कोटी, राज्यानें ३५ कोटी, आणि संग्रहालयानें स्वतः १० कोटी जमविण्याचें कबूल केलें. वीस वर्षांत मिळून ८१.६ कोटी डॉलर. त्याच्या मोबदल्यांत संग्रह नगराच्या मालकींतून काढून एका विश्वस्त संस्थेच्या स्वाधीन झाला, म्हणजे पुढें कोणा धनकोचा हात त्यास लागूं नये.

अट एवढीच कीं, निवृत्तांनीं आपलें वेतन कमी करण्यास स्वतः मत देऊन संमति द्यावी. साध्या नोकरांच्या वेतनांत साडेचार टक्के काट, आणि महागाईनुसार होणारी वाढ कायमची बंद; पोलीस व अग्निशामक दलाच्या लोकांची केवळ वाढ घटविली. आजारपणाच्या विम्याचा आधार तर दोघांचाहि जवळजवळ सगळाच गेला. मतें मोजलीं तेव्हां पोलीस व अग्निशामकांपैकीं ८२ टक्क्यांनीं आणि इतरांपैकीं ७३ टक्क्यांनीं होकार दिला होता. नोव्हेंबर २०१४ मध्यें न्यायालयानें योजना मंजूर केली. सुमारें ७०० कोटी डॉलरचें कर्ज पुसलें गेलें, आणि नगराच्या सेवा सुधारण्यास दहा वर्षांत १७० कोटी खर्च करण्याचें ठरलें. १० डिसेंबर २०१४ रोजीं नगर दिवाळ्यांतून बाहेर पडलें.

या होकाराला उत्सुकतेनें दिलेली संमति समजण्याची चूक आपण करूं नये. नकार दिला असता तर काट याहून मोठी झाली असती. मी स्वतः निवृत्तीच्या उंबरठ्याजवळ आलों आहें. तीस वर्षें शिकविल्यावर मिळावयाच्या रकमेवर घरचे किती बेत आधारलेले असतात हें मला ठाऊक आहे. सत्तर वर्षांच्या माणसास 'तुझा शब्द आम्ही पूर्ण पाळूं शकत नाहीं, पण सगळाच मोडीत नाहीं. एवढ्यावर सही कर' असें सांगणें, आणि त्यानें ती करणें, यांत न्यायापेक्षां थोरपणाचा भाग अधिक आहे. तो थोरपणा निवृत्तांचा. डेट्रॉईटच्या पुनरुत्थानाचा पहिला वर्गणीदार कोण, असें कोणी विचारल्यास लक्षाधीशांचीं नांवें सांगण्याआधीं या म्हाताऱ्यांकडे बोट दाखवावें लागेल.

पुढें काय झालें? डिसेंबर २०१६ पर्यंत नगरांत ६५,००० नवे दिवे लागले. पडकीं घरें हजारोंनीं उतरविण्यांत आलीं. १९८८ मध्यें जेथून शेवटची गाडी सुटली आणि नंतर ज्याच्या फुटक्या खिडक्यांचीं छायाचित्रें जगभर दाखविलीं गेलीं, तें मिशिगन सेंट्रल स्टेशन फोर्ड कंपनीनें २०१८ मध्यें विकत घेतलें. जून २०२४ मध्यें तें दुरुस्त होऊन लोकांस खुलें झालें. २०२० च्या शिरगणतींत लोकसंख्या ६,३९,१११ भरली होती. २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या सरकारी अंदाजांत १९५७ नंतर प्रथमच ती किंचित् वाढल्याचें दिसलें.

चित्राची दुसरी बाजूहि लिहिली पाहिजे. २०१४ च्याच उन्हाळ्यांत पाणीपट्टी थकलेल्या हजारों घरांचें पाणी तोडण्यांत आलें, आणि त्याचा निषेध संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांपर्यंत गेला. पडत्या किंमतीच्या घरांवर जुन्याच चढ्या किंमतीनें कर बसत राहिला. २०१० ते २०१६ या वर्षांत घरमालकांकडून निदान ६० कोटी डॉलर अधिक घेतले गेले असें तेथील एका वृत्तपत्रानें हिशोब करून दाखविलें. तो कर न भरतां आल्यामुळें पुष्कळांचीं राहतीं घरें लिलावांत गेलीं. मध्यवस्तींत रोषणाई झाली, पण ती पाहण्यास तेथले जुने रहिवासी सगळेच उरले नाहींत. जमीन सांवरली आणि माणूस गेला, तर त्यास नगराचा उद्धार म्हणावयाचें कीं नगराच्या जागेचा, हा प्रश्न गिरणगांव पाहिलेल्या वाचकांस वेगळा समजावून सांगण्याची गरज नाहीं.

मग नगर म्हणजे काय? कारखाना म्हणजे नगर नव्हे. तो हद्दीबाहेर गेला तरी नगर राहिलें. इमारती म्हणजेहि नव्हे. भव्य मनोरे उभे असतांनाच तें बुडालें. मला वाटतें, नगर म्हणजे न पाहिलेल्या माणसांनीं एकमेकांस दिलेला शब्द. तूं माझ्या रस्त्यावर दिवा लाव, तुझ्या म्हातारपणीं मी तुला उपाशी ठेवणार नाहीं. मी आज कर भरतों, माझ्या नातवानें या चित्रापुढें उभें राहावें. भिंत घालून तो शब्द कांहींना नाकारला, सीमा ओलांडून कांहींनीं तो टाकला, कर्ज काढून कांहींनीं तो पुढल्यांच्या माथीं मारला. दिवाळें निघालें तें त्या शब्दाचें. कर्जाचा आंकडा नंतर आला. आणि जें कांहीं पुन्हां उभें राहिलें तें मोडका कां होईना, पण तो शब्द पाळण्याची खटपट सुरू झाली तेव्हांच.

त्या विद्यार्थ्यास मी आतां सांगूं शकेन: गांवाच्या दिवाळ्यांत कुलूप लावण्याजोगी वस्तु नसते, म्हणून प्रथम रस्त्यावरचे दिवे लावावे लागतात. तेथें दिवाळ्याची जुनी खूण उलटी झाली. दिवा लागला, तो येथून कांहीं निघावयाचें नाहीं असें सांगण्यास नव्हे; येथें अजून माणसें राहतात असें सांगण्यास.